शिवनीचं रान कुणी कुणी काढलं?

नागपूरहून जबलपूर रस्त्याला लागलं की मनसर येतं, देवलापार येतं आणि खवासापाशी शिवनी जिल्हा सुरू होतो. नागपूर ते शिवनी अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. रडयार्ड किपलिंग यांच्या 'जंगल बुक'मधला मोगली वाढला तो याच टेकड्यांत. ज्या वैनगंगेच्या काठच्या घळीत शेरखानचा शेवट होतो, तीच वैनगंगा पुढे भंडाऱ्यावरून वाहत गोसीखुर्दच्या धरणाशी येते. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत शिवनीचा कारभार नागपूर राजधानीतूनच चालत असे. म्हणजे नकाशा कसाही मांडला तरी मोगलीचं रान हे आपल्या अंगणातलं रान आहे.

हे रान जगभरच्या मुलांनी पाहिलं ते मात्र विलायती चित्रकारांच्या हातून. गोष्ट ऐकताना मूल आपल्या मनाने जंगल उभं करतं, पण पुस्तक समोर आलं की आधी चित्र दिसतं आणि मग वाचलेल्या प्रत्येक ओळीला त्या चित्राचाच रंग चढतो. म्हणून मोगलीच्या गोष्टी लिहिणाऱ्याइतकंच मोगली काढणाऱ्यांकडे लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं. त्यांत एक नाव विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज मुलांच्या घराघरांत पोचलेलं होतं. ते नाव स्टुअर्ट ट्रेसिलियन. त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी त्यांच्या पूर्वसुरींची ओळख करून घ्यावी लागेल.

शिवनीचं रान प्रत्यक्ष पाहून काढणारा माणूस किपलिंगच्या आधी होऊन गेला. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल हे मध्य प्रांतातले इंग्रज अधिकारी. 'शिवनी, अर्थात सातपुडा रांगेतलं तळावरचं जीवन' अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं पुस्तक १८७७ साली निघालं. त्यातली चित्रं त्यांनी स्वतःच काढली. पुढे १८८४ मध्ये भारत आणि सिलोनच्या सस्तन प्राण्यांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १८८६ मध्ये वन्य प्राण्यांच्या रेखाटनांचं वेगळं पुस्तक काढलं. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल सुरू झालं, त्याच्या पहिल्या दोन संपादकांपैकी ते एक होते. आयुष्याच्या अखेरीस ते सेंट हेलेना बेटाचे गव्हर्नर होते. १९०२ मध्ये वारले. स्टर्नडेल हे काही मोठे चित्रकार नव्हते. पण सांबर कसं उभं राहतं, अस्वल कसं चालतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. किपलिंग स्वतः शिवनीला गेले होते असा पुरावा नाही. त्यांनी या भागाची माहिती स्टर्नडेल यांच्या पुस्तकातून घेतली, असं अभ्यासक मानतात.

मोगलीच्या गोष्टी लिहिल्या गेल्या त्या अमेरिकेत. लग्नानंतर किपलिंग व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो गावाजवळ राहत होते. बाहेर गुडघ्याएवढा बर्फ आणि कागदावर उन्हाळ्याने तापलेला सातपुडा, अशा अवस्थेत हे लेखन झालं. १८९४ मध्ये 'जंगल बुक' आणि १८९५ मध्ये त्याचा दुसरा भाग मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केला. पहिल्या भागात तिघांची चित्रं आहेत. त्यांतले डब्ल्यू. एच. ड्रेक हे अमेरिकी. पॉल फ्रेंझेनी हे जन्माने फ्रेंच, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मुलखाची चित्रं सचित्र साप्ताहिकांसाठी काढून नाव मिळवलेले. तिसरे खुद्द लेखकाचे वडील, जॉन लॉकवुड किपलिंग. दुसऱ्या भागाची सजावट तर एकट्या वडिलांची.

लॉकवुड यांच्याबद्दल मराठी वाचकाला थोडं अधिक माहीत असायला हवं. १८६५ साली ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवायला आले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला रडयार्डचा जन्म झाला, तोही मुंबईतच. आज जिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात त्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर शेतकरी, बाजारकरी यांची उठावशिल्पं आहेत, ती लॉकवुड यांच्या हातची. १८७५ मध्ये ते लाहोरला मेयो कलाशाळेचे प्रमुख म्हणून गेले आणि तिथल्या वस्तुसंग्रहालयाचंही काम पाहू लागले. भारतातली माणसं आणि जनावरं एकमेकांसोबत कशी राहतात यावर त्यांनी १८९१ मध्ये एक सुरेख सचित्र पुस्तक लिहिलं. बैलगाडीचं जू, हत्तीचा हौदा, बकरीचं दावं, अशा वस्तू त्यांनी ज्या बारकाईने पाहिल्या तो बारकावा मुलाच्या पुस्तकातल्या चित्रांतही उतरला. लॉकवुड यांच्या चित्रांतला भारत खरा वाटतो. पण तो शहराचा, कारागिराचा, उत्तरेकडच्या मैदानाचा भारत आहे. सातपुड्याचा वास त्याला नाही.

यानंतर आले डेटमोल्ड बंधू. मॉरिस आणि एडवर्ड हे जुळे भाऊ लंडनच्या पटनी भागात १८८३ साली जन्मले. इतके हुशार की तेराव्या वर्षीच रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. प्राणी पाहायला ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जात. जपानी छापचित्रांचा त्यांच्यावर गाढ परिणाम होता. १९०३ मध्ये त्यांची 'जंगल बुक'वरची सोळा रंगीत चित्रं संचरूपाने निघाली आणि १९०८ मध्ये ती पुस्तकात आली. आजवर या पुस्तकासाठी झालेल्या कामातलं हे सर्वांत देखणं काम, असं मी मानतो. त्यांच्या बऱ्याच चित्रांत मोगली लहान दिसतो. मोठं असतं ते झाड, मोठा असतो तो अजगर. माणूस या रानाचा पाहुणा आहे ही गोष्टीतली जाण एकही ओळ न लिहिता त्यांनी दाखवली. १९०८ च्या एप्रिलमध्ये चोवीस वर्षांच्या मॉरिसने आयुष्य संपवलं. एडवर्ड एकटे काम करत राहिले. त्यांनी इसापच्या गोष्टी रंगवल्या, फाब्र यांच्या कीटकांवरच्या पुस्तकासाठी अप्रतिम चित्रं काढली आणि १९५७ मध्ये तेही आपल्याच हाताने गेले.

आता ट्रेसिलियन. जन्म १८९१, ब्रिस्टलचा. शिक्षण लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये झालं आणि पुढे तिथेच त्यांनी चित्रकला शिकवली. ज्या संस्थेत शिकलो तिथेच शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पुस्तकांची कामं घ्यायची, हा त्या पिढीच्या अनेक ब्रिटिश चित्रकारांचा रोजचा संसार होता. मॅकमिलनने १९३२ मध्ये किपलिंग यांच्या प्राणिकथांचा एक संग्रह काढला आणि १९३३ मध्ये मोगलीच्या सगळ्या गोष्टी एकत्र करून दुसरा. मूळच्या दोन भागांत मोगलीच्या गोष्टींमध्ये रिक्की-टिक्की मुंगूस, पांढरा सील, हत्तींचा तूमाई अशा वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. शिवाय मोगली मोठा होऊन वनखात्यात लागतो ती गोष्ट तिसऱ्याच पुस्तकात होती. १९३३ च्या पुस्तकात मुलांना पहिल्यांदा मोगलीचं आयुष्य सलग हाती आलं. दोन्ही संग्रहांची चित्रं ट्रेसिलियन यांची.

त्यांचा मोगली अंगाने काटक, लांब केसांचा, वाढत्या वयाचा मुलगा आहे. डेटमोल्ड यांच्या रंगीत स्वप्नातून तो खाली उतरून जमिनीवर आला आहे. शाईच्या ठाम रेषा, काळ्या सावल्यांचे भरीव तुकडे आणि त्यांच्यामध्ये सोडलेला कोरा कागद एवढ्यावर ट्रेसिलियन काम भागवतात. त्यांच्या जनावरांना वजन आहे. बिबट्या फांदीवर पसरलेला असेल तर फांदी त्याचा भार सोसते आहे हे दिसतं. प्राण्याच्या हाडांची आणि स्नायूंची जाण असल्याशिवाय हे साधत नाही.

या ठाम रेषेमागे छपाईचंही कारण होतं. डेटमोल्ड यांच्यासारखी रंगीत चित्रं वेगळ्या, गुळगुळीत कागदावर छापून मग पुस्तकात चिकटवावी लागत. त्याने पुस्तक महाग होई आणि ते बहुधा सणासुदीला भेट म्हणूनच घेतलं जाई. शाईच्या रेषांचं चित्र मात्र फोटोच्या मदतीने जस्ताच्या पत्र्यावर उतरवता येई. आपल्याकडे छापखान्यांत ज्याला लाइन ब्लॉक म्हणत, तोच हा. हा ब्लॉक खिळ्यांच्या शेजारी बसवला की मजकूर आणि चित्र एकाच दाबात, एकाच साध्या कागदावर उमटत. त्यामुळे चित्र पानाच्या मधोमध येऊ शके, परिच्छेदाच्या कुशीत बसू शके. पण या तंत्राला राखाडी छटा समजत नाही. तिथे एकतर काळं, नाहीतर कोरं. म्हणून चित्रकाराला उजेड दाखवायचा तोही काळ्यानेच. आडव्या-उभ्या रेघांची जाळी किती दाट घ्यायची आणि छापताना चित्र लहान झाल्यावर ती बुजणार तर नाही ना, याचा हिशोब आधी करावा लागे. ट्रेसिलियन या हिशोबात पक्के होते.

दुसऱ्या महायुद्धात हे कौशल्य फारच उपयोगी पडलं. ब्रिटनमध्ये १९४० पासून कागदावर नियंत्रण आलं. पुस्तकं बारीक टाइपात, पातळ कागदावर निघू लागली. रंगीत चित्रं परवडेनात. १९४४ मध्ये त्याच मॅकमिलनने एनिड ब्लायटन यांच्या साहसमालेतलं पहिलं पुस्तक काढलं आणि चित्रं ट्रेसिलियन यांच्याकडे दिली. १९५५ पर्यंत या मालेत आठ पुस्तकं निघाली आणि आठही त्यांनीच सजवली. फिलिप, डायना, जॅक आणि लूसी-अ‍ॅन ही चार मुलं आणि किकी नावाचा बोलका पोपट. जॅकला पक्ष्यांचं वेड, तर फिलिपच्या खिशात सतत एखादं जनावर. मोगलीच्या चित्रकाराला हे पात्र दिलं गेलं यात प्रकाशकाची नजर दिसते. ब्लायटन यांच्या दुसऱ्या एका मालेसाठी, 'फेमस फाइव्ह'साठी, आयलीन सोपर चित्रं काढत होत्या. सोपर यांची मुलं हसरी आणि हलकी आहेत, उन्हात पळणारी. ट्रेसिलियन यांची मुलं गुहेत शिरतात तेव्हा अंधार खरोखर अंगावर येतो. मला या दोघांत ट्रेसिलियन श्रेष्ठ वाटतात, कारण मुलांना भीती दाखवायला ते कचरत नाहीत. साहसकथेत भीती लपवली तर मग साहस ते कसलं?

कलाशिक्षक, पुस्तकचित्रकार, कारागिरांच्या एका मानाच्या संघाचे अध्यक्ष, असं शांत, कष्टाचं आयुष्य जगून ते १९७४ मध्ये वारले. ब्लायटन यांच्या पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांतून त्यांची चित्रं हळूहळू गळत गेली आणि नव्या चित्रकारांची आली. पुस्तकचित्रकाराच्या वाट्याला बहुधा हेच येतं. लेखकाचा मजकूर तोच राहतो, चित्रं मात्र दर पिढीला बदलली जातात.

आता आपल्या रानाकडे वळू. एवढ्या मोठ्या चित्रकारांच्या हातून काय सुटलं?

पहिलं सुटलं ते अस्वल. बालू हे पात्र किपलिंग यांनीच तपकिरी अस्वल म्हणून लिहिलं आणि चित्रकारही त्यामागे गेले. पेंच, शिवनी, ताडोबा, मेळघाट इथे राहतं ते काळं, झिपऱ्या केसांचं अस्वल. त्याच्या छातीवर फिक्या रंगाची कमान असते, मुस्कट पांढुरकं, नखं लांब आणि वाकडी. वारूळ फोडून वाळवी ओढून खाण्यासाठी त्याचे ओठ खास बनलेले आहेत. पिल्लांना पाठीवर घेऊन फिरणारी अस्वलीण हे तर चित्रकाराला आयतं मिळालेलं दृश्य. मोहफुलांवर ते किती तुटून पडतं हे रामटेकच्या पलीकडच्या कुठल्याही गावात विचारावं. किपलिंग यांच्या दुष्काळाच्या गोष्टीत बालूला आवडणारा मोह फुललाच नाही असा उल्लेख येतो. मजकुरात मोह आहे, पण मी पाहिलेल्या चित्रांत मोहाचं ओळखू येईल असं झाड मला आढळलं नाही.

दुसरा सुटला तो पळस. शेरखानला घेरायच्या वेळी मोगली आणि त्याचे लांडगे ज्या झाडाला खूण म्हणून ठरवतात ते फुललेल्या पळसाचं झाड आहे. फाल्गुनात शिवनीच्या रस्त्याने गेलेल्या माणसाला ते झाड समजावून सांगावं लागत नाही. काळ्या-पांढऱ्या लाइन ब्लॉकला हा केशरी रंग दाखवणं अशक्यच होतं, त्यामुळे चित्रकारांना दोष देता येणार नाही. पण ज्यांच्याकडे रंग होता त्यांच्याकडे पळस नव्हता. इंग्लंडात जन्मलेल्या, प्राणिसंग्रहालयात वाघ पाहणाऱ्या चित्रकाराला प्राणी मिळतो, त्याच्या मागचं झाड मिळत नाही. साग, ऐन, धावडा, तेंदू यांची पानगळ झालेली, उन्हाने पांढरी पडलेली एप्रिलची रानं 'जंगल बुक'च्या चित्रांत फारशी दिसतच नाहीत. दिसतं ते वेलींनी लगडलेलं, सदा ओलं जंगल. १९६७ च्या डिस्नी चित्रपटाने हे ओलं, हिरवंगार जंगल जगाच्या मनात कायमचं बसवलं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी आलेल्या जपानी मालिकेनेही तेच केलं. त्या वयाची नागपूरची मुलं मोगलीसाठी टीव्हीपुढे बसत, पण पडद्यावरचं रान आपल्या जिल्ह्याला लागून आहे असं त्यांना वाटायला त्यात काहीच नव्हतं.

एका बाबतीत मात्र चित्रकार खरे ठरले. मध्य भारताच्या कोरड्या जंगलात काळा बिबट्या कुठला, असं म्हणून बघीराला अनेकांनी कल्पनेत ढकललं होतं. गेल्या काही वर्षांत ताडोबात आणि पेंचमध्ये काळ्या बिबट्याची छायाचित्रं मिळाली आहेत.

चित्र मनावर किती पक्कं बसतं हे मराठी माणसाला दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'साठी दीनानाथ दलाल यांनी काढलेल्या रेखाचित्रांनी कित्येक घरांत गड, मावळे आणि घोडदळ यांचं रूप ठरवून टाकलं. मडगावात १९१६ मध्ये जन्मलेले आणि १९७१ मध्ये गेलेले दलाल हे ट्रेसिलियन यांच्याच काळात काम करत होते, त्याच ब्लॉकच्या अटी सांभाळत. शि. द. फडणीस यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत काढलेल्या चित्रांनी बेरीज-वजाबाकीची धास्ती किती मुलांची घालवली असेल! म्हणजे मुलांसाठी मनापासून काम करणारे थोर चित्रकार आपल्याकडे नव्हते असं मुळीच नाही. फक्त सातपुड्याच्या रानाला असा चित्रकार मिळाला नाही.

निदान पुस्तकाच्या पानावर, बराच काळ मिळाला नाही. मग भज्जू श्याम आले. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढचे हे परधान गोंड चित्रकार. त्यांचे चुलते जनगढसिंह श्याम यांनी भिंतीवरची आणि गाण्यातली गोंडी कला कागदावर आणली आणि जगापुढे ठेवली. भज्जू यांना लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला बोलावलं गेलं. दोन महिने ते तिथे राहिले आणि परतल्यावर त्यांनी जे पाहिलं ते चितारलं. २००४ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने ते पुस्तक काढलं, नाव 'द लंडन जंगल बुक'. त्यात बिग बेनच्या घड्याळाशी कोंबड्याचा देह जुळला आहे, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडा. जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. रोजची ३० नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. विमान म्हणजे उडणारा हत्ती. शंभर वर्षं इंग्रज चित्रकारांनी आपलं रान काढलं, आता सातपुडा-मैकलच्या माणसाने त्यांचं शहर काढलं, आणि ते आपल्या रानाच्या भाषेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलांच्या पुस्तकासाठी याहून मोठी शक्यता मला दिसत नाही. गोंडी चित्रात झाडाच्या अंगात हरणाची शिंगं असतात, हरणाच्या अंगात झाडाची पानं असतात. माणूस, जनावर आणि झाड यांच्यात भिंत नाही, हा मोगलीच्या गोष्टींचा गाभाच आहे. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, वसवलेलं नागपूर शहर या कलेला परकं नाही. इथे शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, पेंढा भरलेल्या प्राण्यांसह उभा आहे. डेटमोल्ड बंधूंना लंडनच्या पिंजऱ्यांवर भागवावं लागलं, इथल्या विद्यार्थ्याला सकाळी निघून पेंचच्या रानात सिल्लारीच्या फाटकातून आत जाता येतं.

किपलिंग यांच्याबद्दल वाद आहेत आणि ते रास्त आहेत. साम्राज्याचा अभिमान बाळगणाऱ्या या लेखकाने गावकऱ्यांना जिथे भोळे आणि भित्रे रंगवलं, तिथे आजच्या चित्रकाराने त्यांना माणूस म्हणून काढलं पाहिजे. हेही चित्रानेच करता येतं. हक्कांची अडचण नाही. किपलिंग १९३६ मध्ये वारले, त्यांच्या मजकुरावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. ट्रेसिलियन यांच्या चित्रांवर मात्र भारतीय कायद्याप्रमाणे २०३४ अखेरपर्यंत हक्क आहे, म्हणून ती उचलून छापू नयेत.

नव्याने चित्रं काढावीत. विदर्भातल्या प्रकाशकांनी, चित्रकला शिक्षकांनी आणि बालसाहित्याच्या संस्थांनी हे काम अंगावर घ्यावं: मोगलीच्या गोष्टींची एक चांगली मराठी आवृत्ती काढावी, तिची चित्रं गोंड आणि नागपुरी चित्रकारांकडून करून घ्यावीत, आणि त्यांचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावं.